जंगलरक्षणाचा भार

जंगलें राखावीं कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. डोंगर उघडे पडले म्हणजे माती वाहून जाते, झरे आटतात व खाड्या गाळानें भरतात, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु हें रक्षण करतांना जी झीज लागते ती कोणीं सोसावयाची, या प्रश्नाकडे आपल्या सुशिक्षित वर्गाचें लक्ष क्वचितच जातें. ठाणें व कुलाबा (आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांचा इतिहास या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे.

इंग्रज सरकारनें निव्वळ लोभानें जंगलें ताब्यांत घेतलीं, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती पुरती पटत नाहीं. १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले जंगलरक्षक म्हणून नेमले गेलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे मूळचे वैद्य व वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी. कोंकणांतील डोंगरांवरचीं झाडें तुटल्यानें खाड्या गाळानें भरत आहेत, ही त्यांची तक्रार होती, आणि ती खरी होती. पण लवकरच आगगाडीचा काळ आला. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धांवली. पुढील बारा वर्षांत भोर व थळ या दोन्ही घाटांतून लोहमार्ग देशावर चढला. रुळांखालीं घालावयास लांकूड हवें, मुंबईच्या चुलींस सरपण हवें. तेव्हां जंगलाची तूट झाली ती एकट्या कुणब्याच्या कोयत्यानें झाली, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

१८६५ चा कायदा अपुरा वाटल्यावरून १८७८ सालीं दुसरा कायदा झाला आणि जंगलांचे राखीव व संरक्षित असे मुख्य भेद ठरले. पहिल्यांत परवानगी नसेल तें सर्व निषिद्ध, दुसऱ्यांत मनाई नसेल तें मोकळें. कागदावर हा भेद किती सुटसुटीत! परंतु ठाण्याच्या भातशेतकऱ्याच्या घरीं त्याचा अर्थ काय झाला, हें समजण्यास राब म्हणजे काय तें जाणलें पाहिजे.

भाताच्या रोपांसाठीं शेताचा एक तुकडा राखून ठेवतात. त्यावर उन्हाळ्यांत शेण, झाडांचे टहाळ, पाला व गवत यांचे थर रचून वर माती पसरतात व तें सर्व सावकाश जाळतात. पाऊस पडतांच त्या भाजलेल्या जमिनींत बी फेंकतात, आणि रोपें वाढलीं कीं उपटून दुसऱ्या खांचरांत लावतात. या राबासाठीं रानांतून कवळ तोडावी लागे. तिच्यासाठीं ऐनाचें झाड विशेष आवडीचें. झाड उभें ठेवून त्याच्या फांद्याच तेवढ्या उतरावयाच्या. यानें झाड खुरटतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण जी गोष्ट बापजाद्यांपासून शेतीचें अंग होती ती एका कायद्यानें गुन्हा झाली, आणि गुरें रानांत शिरलीं म्हणून दंड भरण्याची पाळी आली. कातकऱ्यांची स्थिति तर याहून वाईट. ज्या जातीचें नांवच खैराच्या कातावरून पडलें, तिला खैर तोडण्याची मनाई! जंगलखातें लांकूड विकून उत्पन्न काढीत असतांना हें चाललें होतें, हेंही विसरतां कामा नये.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत ते या पार्श्वभूमीवर वाचावे. पूर्वीं डोंगरांतील चराई व रानमेवा यांवर गरीब शेतकऱ्याचा निभाव लागे; तो आधार सरकारी हद्दींत गेला, हें त्यांचें म्हणणें. झाडें तोडावीं असें ते म्हणत नाहींत. उलट बांधबंधारे घालून डोंगरांवरची माती व पाणी अडवावें, असा त्यांचा आग्रह आहे. लोकांची ओरड वाढल्यावर १८८५ सालीं सरकारनें जंगलचौकशीचें कमिशन नेमलें. १८८७ मध्यें त्याचा अहवाल निघाला. कवळीच्या बाबतींत कांहीं सवलती मिळाल्या. पण सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीची वस्तु, हक्काची नव्हे.

राब ही अडाण्यांची उधळपट्टी आहे, हा साहेबलोकांतील एका पक्षाचा समज होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं आपल्या दोन महाराष्ट्रीय सहकाऱ्यांसह या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ सालीं तो प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेंत नसून जमीन भाजली जाण्यांतही आहे, असें त्यांस दिसून आलें. म्हणजे कुणबी जें करीत होता त्यास आधार होता; फक्त तो इंग्रजींत मांडावयास त्याला तीस वर्षें उशीर झाला!

१९३० च्या जंगल सत्याग्रहांत पुसद येथें बापूजी अणे यांनीं गवत कापून कायदा मोडला, आणि २५ सप्टेंबर रोजीं कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें गोळीबार होऊन माणसें मेलीं. यास केवळ स्वराज्याच्या चळवळीचा एक प्रसंग समजणें अपुरें आहे. पन्नास वर्षांचा हिशेब त्यांत होता.

स्वराज्यांतही तो हिशेब लवकर उलगडला नाहीं. वनहक्कांचा कायदा २००६ सालीं झाला, आणि गडचिरोलींतील मेंढा-लेखा गांवास आपल्या रानावरचा सामूहिक हक्क २००९ मध्यें मिळाला. तेथील गांवकरी रान राखतात आणि रानाचें उत्पन्नही घेतात. ज्यानें राखावयाचें त्यासच कांहीं मिळावें, एवढी साधी गोष्ट ठरावयास १८७८ पासून सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला.

ठाणें जिल्ह्यांत मात्र चित्र वेगळें आहे. तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस येत आहे. भातसा त्याच्या पुष्कळ मागाहूनचा. दोन्ही शहापूर तालुक्यांत. भोंवतालचें रान टिकलें तर जलाशयांत गाळ कमी येतो, म्हणून तें टिकणें मुंबईच्या हिताचें. कुऱ्हाडीची मनाई पाळावयाची ती शहापूरच्या पाड्यांनीं. आम्ही नळाच्या पाण्यावर वाढलेले लोक. तोटी सोडतांना हें आमच्या मनांत येत नाहीं. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत विहिरी कोरड्या पडतात आणि बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहतात.