आळंदची काळी जमीन : सामू व अन्नद्रव्यांची उपलब्धता

कलबुर्गी जिल्ह्यातील (कर्नाटक) आळंद तालुक्याची बहुतेक जमीन बेसाल्टपासून बनलेली, काळी व चिकण आहे. खडक झिजताना सुटलेले कॅल्शियम बेताच्या पावसात पुरते धुऊन जात नाही. ते चुनखडी होऊन मातीतच साचते आणि नांगरटीत पांढरट खडे वर येतात. त्यामुळे सामू बहुधा 7.5 ते 8.5 राहतो. शेजारच्या बिदरच्या पठारावर त्याच बेसाल्टचा जांभा झाला. तिथे कॅल्शियम निघून गेले, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली आणि सामू उतरला.

काळ्या जमिनीत लोह शेकड्यात मोजण्याइतके असते, तरी पीक लोहावाचून पिवळे पडते. सामू एकाने वाढला की मातीतल्या पाण्यात विरघळणारे जस्त सुमारे शंभरपट, तर लोह हजारपट घटते. स्फुरद कॅल्शियमशी जखडतो. चुनखडीने बोरॉनची उपलब्धताही घटते. उसावर केवडा पडतो तेव्हा कोवळी पाने शिरांमधल्या भागात पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पाणी साचले की तो बळावतो. म्हणून खताची मात्रा वाढवण्याआधी सामू व चुनखडी तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते.

गंधक टाकून सामूच उतरवावा, असे सुचवले जाते. हिशेब तसे सांगत नाही. हेक्टरी वरच्या 15 सेंमी थरात सुमारे 20 लाख किलो माती धरली, तर 1 टक्का चुनखडी म्हणजे 20 टन होते आणि ती विरवायला सुमारे 6.4 टन गंधक लागते. पिकाची गंधकाची गरज भागवण्यापुरती मात्रा योग्यच, पण तिने जमीन बदलत नाही. जिप्सम चोपण जमिनीसाठी उपयोगी आहे; निव्वळ चुनखडीवर तो उपाय नव्हे. त्यापेक्षा हिराकसाची फवारणी, शेणखतात मुरवलेले झिंक सल्फेट आणि स्फुरद फोकून न देता बियांच्या ओळीलगत पेरून देणे सयुक्तिक ठरते.



जमीन एवढी आडमुठी असेल, तर इथे तूर कशी पिकते, हा आक्षेप रास्त आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तुरीचे सोटमूळ खोल जाते, आणि हवेतले नत्र बांधताना मुळे भोवतालची माती किंचित आम्ल करतात. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल स्रवते व ते लोहाशी जखडलेला स्फुरद सोडवते, असे 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधील संशोधनात मांडले गेले. ते निष्कर्ष मुख्यतः तांबड्या जमिनीचे आहेत. आळंदच्या मातीत स्फुरद बराचसा कॅल्शियमशी बांधलेला असल्याने ते इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.