शिपाई उलटा करून बघा

जुना प्लॅस्टिकचा शिपाई हाती आला की लोक आधी त्याचा चेहरा बघतात, मग बंदूक. मी त्याला उलटा करतो. सारी हयात ठाण्याला टूलरूममध्ये डाय, म्हणजे साचे, बनवण्यात गेली, त्यामुळे ही खोड जडली. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ, कुठून गेलीय, प्लॅस्टिक आत शिरायचं गेट कुठे तोडलंय, माल बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचा गोल वळ कुठे उमटलाय, सगळं पायाखालच्या पट्टीपाशी कळतं. कंपनीचं नाव असलं तर तेही तिथेच. चेहऱ्याची नक्कल कोणीही करतो.

या शिपायांचे पूर्वज शिशाचे. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीच्या धाकट्या विल्यम ब्रिटनने 1893 मध्ये पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, बाहेरचा थर धरला की आतला पातळ माल लगेच परत ओतून काढायचा. धातू वाचला, वजन उतरलं आणि जर्मनीच्या भरीव शिपायांना स्वस्तातला प्रतिस्पर्धी मिळाला. ब्रिटन्सच्या यादीत आपली बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीसुद्धा होती.

मग प्लॅस्टिक आलं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेटन कंपनीने 1938 मध्येच प्लॅस्टिकचे शिपाई काढले होते, पण खरी मजा पॉलिथिनने आणली. इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत ते 1933 मध्ये जवळजवळ अपघातानेच सापडलं, आणि महायुद्धात रडारच्या केबलींना आवरण म्हणून खपलं. युद्ध संपल्यावर एवढ्या मालाला गिऱ्हाईक हवं होतंच. रॉय सेल्विन-स्मिथ या शिल्पकाराने हेराल्ड कंपनीसाठी घडवलेले पॉलिथिनचे शिपाई बघा: गणवेशाची चुणी न् चुणी दिसते. ब्रिटन्सने पन्नासच्या दशकात हेराल्डच ताब्यात घेतली. 1966 मध्ये त्यांचे शिशाचे शिपाई बंद झाले आणि प्लॅस्टिकचं बरंच काम हाँगकाँगला गेलं. म्हणून पट्टीवर ‘इंग्लंड’ आहे की ‘हाँगकाँग’, हा पहिला प्रश्न.

तारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ब्रिटन्सच्या डीटेल मालिकेतल्या शिपायांना धातूची बैठक असते आणि तिच्यावर 1971 असतं. ते साल बैठकीच्या डिझाइनचं. पुढे कित्येक वर्षं तीच बैठक निघत राहिली, आणि विकणारा मात्र ‘एकाहत्तरचा माल’ म्हणून भाव सांगतो.

अमेरिकेत लुई मार्क्स या खेळणीवाल्याचा खाक्या निराळा. एक-दोन शिपाई नाहीत, अख्खा किल्ला, घोडे, तोफा, कुंपण, सगळं एका खोक्यात. कॉमिक्सच्या पानांवर सव्वा डॉलरमध्ये शंभर शिपायांची जाहिरात यायची ती दुसऱ्या मंडळींची. चित्रात घनघोर लढाई, आणि पुठ्ठ्याची पेटी उघडली की आत चपटे, कागदाला जेमतेम भारी पडतील असे शिपाई. फसवणूकच म्हणायची, पण आता हौशी लोक तीच पेटी शोधत फिरतात. व्हिएतनाम युद्धाने अमेरिकेत शिपायांवरून मन उडालं, आणि 1973 नंतर तेल महागलं तसं प्लॅस्टिकही.

आता खऱ्या-खोट्याची गोष्ट. पॉलिथिन साच्यात थंड होताना आक्रसतं, शंभराला साधारण दोन. आम्ही डाय करताना तेवढं माप आधीच वाढवून धरतो. नक्कल करणारा मूळ शिपायावरूनच साचा उतरवतो आणि ही वाढ धरत नाही. परिणामी 54 मिलिमीटरचा शिपाई जवळपास 53 चा होतो. त्या नकलेची नक्कल 52 ची, तिची आणखी एक झाली की 51 च्या आसपास. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल बुजतं, बोटं एकमेकांना चिकटतात, पार्टिंग लाइनवर फ्लॅशची, म्हणजे साच्याच्या फटीतून निसटलेल्या मालाची, झालर येते. व्हर्नियर लावला की पिढी कळते. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर, बुरुजावर मातीचे मावळे आणि दरवाजात स्टेनगन घेतलेला हिरवा शिपाई असायचा ना? तसल्या हिरव्या शिपायांतले पुष्कळसे अशा तिसऱ्या-चौथ्या पिढीचेच. किल्ल्यावर कोणाला ते खटकत नसे, मलाही नाही.

माल ओळखायची आणखी एक सोपी रीत: पाण्याचं भांडं. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. पॉलिस्टायरीन बुडतं. धातूच्या बैठकीवाल्यांवर अर्थात हा प्रयोग करू नये.

पॉलिथिनचा एक दुर्गुण या छंदाला छळतो. त्याचा पृष्ठभाग मेणचट, त्यावर रंग धरत नाही. एअरफिक्स कंपनीने 1959 मध्ये गार्ड्स बँडपासून छोट्या शिपायांची मालिका काढली, तेव्हापासून पोरं ते रंगवताहेत आणि रंगाचे पापुद्रे निघताहेत. दुसरं, उन्हाने आणि हवेने जुनं पॉलिथिन ठिसूळ होतं. एरवी वाकणारी संगीन नुसता धक्का लागला तरी कट्‌कन तुटते. तुटल्या जागी पांढुरकी, भुसभुशीत कड दिसली की समजावं, तो शिपाई आता हाताळण्याजोगा राहिला नाही.

तुमच्या माळ्यावर असं एखादं खोकं पडलं असेल तर शिपाई गरम पाण्यात टाकू नका, मऊ ब्रशने धूळ झटका आणि उन्हापासून दूर ठेवा. मोडका असला तरी फेकू नका. पट्टी शाबूत असेल तर त्याची ओळख पटते. नवा रंग तर मुळीच देऊ नका. रंगवलेला शिपाई मी तरी विकत घेत नाही.