नाशिकच्या घरात अँटीव्हायरस कोणी निवडला?

पुण्याच्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीने, म्हणजे पुढे 2007 मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतलेल्या कंपनीने, पुण्याबाहेरची आपली पहिली शाखा 2003 मध्ये उघडली ती नाशिकला. संगणकाच्या व्यापाराचा नकाशा डोळ्यासमोर आणला तर ही निवड बुचकळ्यात टाकते. मुंबई शेजारी होती, बंगळूरचा बोलबाला होता, दिल्लीचे नेहरू प्लेस देशभर माल पुरवत होते. तरी शाखा निघाली ती पुण्याहून सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या, कारखाने, नोटांचा छापखाना आणि द्राक्षबागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात. माझ्या मते या निवडीत आपल्याकडच्या घरगुती अँटीव्हायरसचा सगळा इतिहास दडलेला आहे. मराठी घराने हे सॉफ्टवेअर चाचण्यांचे निकाल वाचून क्वचितच निवडले. ते निवडले संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाने, आणि घराने त्या माणसाला निवडले. हा व्यवसाय वाढला तो दुरुस्तीच्या दुकानांच्या साखळीवर, आणि अशी साखळी नाशिकसारख्या शहरात होती.

मुळात या व्यवसायाचा जन्मच दुरुस्तीच्या टेबलावर झाला. कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत बिघाडापेक्षा व्हायरसच जास्त सापडू लागले, तेव्हा एकेका व्हायरसवर उतारा म्हणून संजय यांनी छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांतूनच डॉसवर चालणारे क्विक हील 1990 च्या दशकाच्या मध्यावर तयार झाले. तो काळ मायकेलअँजेलोसारख्या व्हायरसचा होता. 1991 मध्ये सापडलेला हा व्हायरस वर्षभर गप्प बसे आणि 6 मार्चला हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर भलतेच काही लिहून आतला मजकूर हाती लागू देत नसे. तो पसरे फ्लॉपीतून. कोणाची तरी फ्लॉपी खाचेत विसरून संगणक पुन्हा सुरू केला की झाले. अशा वेळी मदत करू शकणारा माणूस हाकेच्या अंतरावर लागे. परदेशी कंपनीचे जाडजूड माहितीपुस्तक तिथे कामाला येत नसे.

नाशिकमध्ये संगणक घरापर्यंत आला तो याच माणसाच्या हातून. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हिशेब आणि आरेखन संगणकावर जाऊ लागले. 2001 पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे तालुक्याच्या गावांतही की-बोर्डची ओळख झाली. मध्यमवर्गीय घराने घेतलेले यंत्र बहुधा असेंबल केलेले असे. कॅबिनेट एकाचे, मदरबोर्ड दुसऱ्याचा, विंडोज दुकानदाराने टाकून दिलेली. अशा यंत्राला कंपनीची हमी कुठली? हमी होती ती जोडून देणाऱ्या माणसाची. म्हणून बिघडले की त्यालाच फोन, आणि त्याने ‘हे टाकून घ्या’ म्हटले की तेच टाकायचे. डबा, त्यातली सीडी आणि कागदावर छापलेली की, एवढ्यावर वर्षाचा करार होई. वर्षाने तोच माणूस की रिन्यू करायला येई.

परदेशी नावे तेव्हाही बाजारात होती. नॉर्टन आणि मॅकअफी कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. मग त्यांना घर का जिंकता आले नाही? किंमत हे एक कारण, पण मोठे कारण अपडेटचे. अँटीव्हायरस हे एकदा घेऊन ठेवायचे औषध नाही. नव्या व्हायरसची खूण त्याच्या यादीत रोज भरावी लागते, नाहीतर ते ओळखीच्याच चोरांना पकडत बसते. व्हीएसएनएलने ऑगस्ट 1995 मध्ये सर्वसामान्यांना इंटरनेट दिले खरे, पण घरातला डायल-अप म्हणजे अडकून पडलेला फोन आणि वाढणारे बिल. कित्येक घरी तोही नव्हता. त्यामुळे अपडेटची फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर आणून टाकून देणारा दुकानदार हा त्या सॉफ्टवेअरचा अक्षरशः एक भाग होता. एप्रिल 1999 मध्ये सीआयएच व्हायरसने जगभरातल्या अनेक संगणकांच्या बायोसची चिपच पुसून टाकली, तेव्हा तर सॉफ्टवेअरने काही होण्यासारखे नव्हते. चिप काढून नव्याने लिहावी तरी लागे किंवा मदरबोर्डच बदलावा लागे. व्हायरस काढणे आणि यंत्र दुरुस्त करणे ही दोन कामे एकाच हातात राहण्याला असे कारण होते. हे ओळखणारी क्विक हील ही एकटीच नव्हती. पुण्याचेच नेट प्रोटेक्टर आणि मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचे ई-स्कॅन हेही डीलरांच्या जोरावरच पसरले. एकाच राज्यातून तीन अँटीव्हायरस उभे राहिले, हा योगायोग मला वाटत नाही.

यावर सरळ आक्षेप असा की हा विश्वास वगैरे काही नव्हता, कमिशन होते. ज्या डब्यावर जास्त सुटे तो डबा दुकानदार गळ्यात मारी. यात तथ्य आहे. ग्राहकाला दुसरे पर्याय सांगितले जात नसत. ब्रिटनमधल्या व्हायरस बुलेटिनसारख्या नियतकालिकाचे किंवा जर्मनी-ऑस्ट्रियातल्या चाचणी संस्थांचे निकाल आपल्या गल्लीत पोचत नसत, आणि सगळ्या दुखण्यांवर ‘फॉरमॅट मारू’ एवढाच उपाय ठाऊक असलेल्यांनी लोकांचे फोटो आणि हिशेब पुसलेही. पण कमिशन सगळ्याच डब्यांवर मिळे. फरक पडे तो विकल्यानंतर. टाकून दिलेल्या अँटीव्हायरसखालून व्हायरस निसटला तर ते यंत्र महिन्याभरात त्याच टेबलावर परत येई, आणि गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीतली तक्रार दुसऱ्या सोसायटीत जायला वेळ लागत नसे. 2007-08 च्या सुमारास फोल्डरचे सोंग घेतलेल्या फाइली पेनड्राइव्हमधून घराघरांत शिरल्या; टास्क मॅनेजर उघडेना, फोल्डर ऑप्शन्स गायब. झेरॉक्सच्या दुकानातून, फोटो स्टुडिओतून, सायबर कॅफेतून आलेली ही साथ दुकानदाराला रोज दिसत होती. कोणते सॉफ्टवेअर ती पकडते आणि कोणते जुनाट यंत्राला गुदमरवते, हे तो पन्नास संगणकांवर पाहून सांगत होता. ही चाचणी शास्त्रशुद्ध नव्हती, पण ती आपल्याच वस्तीतल्या रोगावर झालेली होती.

दुसरा आक्षेप फुकट अँटीव्हायरसचा. एव्हीजी आणि अवास्ट घरगुती वापरासाठी मोफत होते, मग पैसे मोजणारे फसले का? ब्रॉडबँड आल्यावर हा प्रश्न योग्य ठरतो, त्याआधी नाही. नेट नसलेल्या घरात फुकटचे सॉफ्टवेअर शिळी यादी घेऊन बसे, आणि अवास्टची मोफत नोंदणीही दरवर्षी नव्याने करावी लागे. चोरीची की वापरणाऱ्यांचे तर याहून वाईट; ती कंपनीने रद्द केली की अपडेट बंद, आणि पडद्यावरचे चिन्ह पाहून घरचे निर्धास्त.

मग 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर डिफेंडर हा पुरता अँटीव्हायरस म्हणून यंत्रातच बसून आला आणि निवडण्याचा प्रश्नच बहुतेकांपुरता संपला. नीट अपडेट होणाऱ्या घरगुती संगणकाला आज तो पुरेसा आहे, असे मलाही वाटते. मे 2017 च्या वॉनाक्रायने गाठले ते बहुतांशी विंडोजचे अपडेट न केलेल्या यंत्रांना. ते भोक बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिले होते. मात्र या सोयीबरोबर दुकानातली ती फेरी गेली. संगणकाची जागा मोबाइलने घेतली, आणि आता फसवणूक येते ती लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एपीके फाइलमधून. तिला व्हायरसपेक्षा माणसाच्या बोटाचा आधार जास्त लागतो. पैसे गेले तर 1930 हा सरकारी क्रमांक आहे, पण तो लावायचा घात झाल्यावर. फाइल उघडण्याआधी ‘हे बघा जरा, उघडू का?’ असे ज्याला विचारायचे, तो कॉलेज रोडच्या गाळ्यातला माणूस आता मोबाइलच्या काचा बदलून देतो, आणि विचारले तर उत्तरही देतो. फक्त ते विचारायला कोणी जात नाही.