एका चित्रकाराचे तळे

घराच्या बागेत लहानसे तळे असावे, त्यात चार पाणफुले फुलावीत आणि सायंकाळी काठावर बसून आभाळाचे प्रतिबिंब न्याहाळावे, ही हौस पुष्कळांना असते. ती पुरी करू पाहणाऱ्यास दोन गोष्टींचा बहुधा विसर पडतो. एक ही की, पाणी कोणा एकट्याच्या मालकीचे नसते; ते कोठून तरी आणावे लागते आणि कोठे तरी सोडावे लागते. दुसरी ही की, साठविलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष झाले तर ते शेवाळते आणि आठदहा दिवसांत त्यातून डास उठतात. जगातील घरगुती तळ्यांत ज्याची सर्वाधिक कीर्ती झाली, त्याचा इतिहास मुख्यतः या दोन गोष्टींचाच आहे. हे तळे फ्रान्समध्ये, सेन नदीच्या खोऱ्यातील जिव्हेर्नी नावाच्या खेड्यात आहे. ते केले क्लोद मोने या चित्रकाराने.

मोने याचा जन्म १८४० सालचा. ज्या चित्रकारसंप्रदायाला त्याच्याच एका चित्राच्या नावावरून टीकाकारांनी थट्टेने ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटले, त्याचा तो अग्रणी. १८८३ मध्ये तो जिव्हेर्नी येथे भाड्याच्या घरात राहावयास आला. स्वतःचे दोन मुलगे, पुढे जिच्याशी त्याने विवाह केला ती अॅलिस आणि तिची सहा मुले, असे ते भले मोठे बिऱ्हाड होते. पैशाची ओढाताण संपून चित्रे खपू लागल्यावर १८९० मध्ये त्याने ते घर विकत घेतले आणि पुढील अंगणात फुलझाडांचे वाफे केले. १८९३ च्या फेब्रुवारीत त्याने आणखी एक जमिनीचा तुकडा घेतला. हा तुकडा सडक आणि आगगाडीचा लहानसा फाटा यांच्या पलीकडे होता. तेथे एक लहान डबके होते आणि शेजारून एप्त नदीचा एक फाटा, गावकरी ज्याला नुसते ‘रू’ म्हणजे ओहोळ म्हणत, वाहत होता.

ओहोळाचे पाणी दारे बसवून आपल्या जमिनीत घ्यावे व पुन्हा ओहोळात सोडावे, असा मोने याचा बेत होता. त्यासाठी सरकारी परवानगी आवश्यक होती. मार्च महिन्यात त्याने प्रीफेक्टकडे, म्हणजे आपल्याकडील कलेक्टरच्या तोडीच्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला. आणि गाव खवळले. खालच्या अंगाला त्याच पाण्यावर गुरे येत, बायका तेथेच धुणी धूत. हा शहरातून आलेला चित्रकार कोठल्या तरी परक्या वनस्पती पाण्यात लावणार, त्यांनी पाणी विषारी होणार आणि गुरे मरणार, अशी तक्रार झाली. मोने त्या वेळी रूआँ येथे तेथील कॅथीड्रलची चित्रे काढण्यात गढला होता. गावाचा विरोध कानी येताच त्याने घरी जे पत्र लिहिले, ते संतापाने भरलेले आहे.

मोने याचे चरित्र लिहिणारे या प्रसंगी गावकऱ्यांच्या अडाणीपणाला हसतात. तितके हसण्याचे कारण नाही. बंगालमध्ये याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, दक्षिण अमेरिकेतील एक सुंदर जांभळ्या फुलांची पाणवनस्पती केवळ शोभेसाठी आणली गेली. तीच जलपर्णी. बागांतील तळ्यांतून निसटून तिने बंगालचे कालवे आणि भातखाचरे व्यापली, होड्यांचा मार्ग अडविला आणि अखेर तिच्या उच्चाटनासाठी १९३६ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. पुण्याच्या मुळा-मुठेकाठी राहणाऱ्यांस ती ओळखून द्यावयास नको. जिव्हेर्नीच्या शेतकऱ्यांची शंका विषापुरती चुकीची होती. परक्या रोपाला वाहत्या पाण्यात सोडताना विचार करावा, एवढ्यापुरती ती रास्तच होती.

जुलैमध्ये मोने याने प्रीफेक्टला पुन्हा लिहिले. आपल्याला केवळ नेत्रसुखासाठी आणि चित्रविषय म्हणून पाणवनस्पती लावावयाच्या आहेत, आणि त्या नदीकाठी आपोआप उगवणाऱ्या बोरू-कुमुदांच्याच जातीच्या आहेत, असा त्यात खुलासा होता. त्याच महिन्यात परवानगी मिळाली. यातील गंमत अशी की, पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्याने जी रोपे मागविली त्यांत नदीकाठी कधीच न उगवणारी पुष्कळ होती.

ती रोपे आली दक्षिण फ्रान्समधील तांप्ल-स्युर-लो या गावच्या लातूर-मार्लियाक याच्या रोपवाटिकेतून. या माणसाचे नाव चित्रकलेच्या इतिहासात क्वचित येते; पण त्याच्यावाचून मोने याची अखेरची पंचवीस-तीस वर्षांची चित्रे निराळी झाली असती. युरोपच्या थंडीत टिकणारे कुमुद त्या काळापर्यंत जवळजवळ पांढरेच होते. नाना रंगांच्या जाती उष्ण प्रदेशांत. लातूर-मार्लियाक याने १८७५ मध्ये रोपवाटिका काढली आणि निरनिराळ्या देशांतील जातींचा संकर करून पिवळे, गुलाबी, तांबडे असे काटक कुमुद तयार केले. आपली रीत त्याने पुरती कोणास सांगितली नाही. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने ही फुले मांडली. आजही ती रोपवाटिका चालू आहे आणि मोने याच्या मागण्यांची नोंद तेथे जपून ठेवलेली आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मराठीत आपण सरसकट कमळ म्हणतो. पण मोने याची प्रसिद्ध फुले कुमुदवर्गातील. कमळाची पाने दांड्यावर पाण्याच्या वर उचललेली असतात, कुमुदाची पाण्यावर सपाट पसरतात. त्यातही आपल्याकडील पांढरे व तांबडे कुमुद रात्री फुलतात, म्हणून आपल्या कवींनी त्यांचे नाते चंद्राशी जोडले. लातूर-मार्लियाकचे कुमुद दिवसा उमलून दुपार कलली की मिटतात. चित्रकाराच्या कामाच्या वेळा फुलांनीच ठरविल्या, त्या यामुळे.

कुमुदास संथ आणि कोमट पाणी मानवते. वाहत्या थंड पाण्यात ते खुरटते. ओहोळाचे पाणी थंड. तेव्हा दारे उघडून पाणी बदलावयाचे आणि ती बंद करून उन्हाने तापू द्यावयाचे, असा मेळ सदैव राखावा लागे. तळ्यासाठी एक माळी वेगळा ठेवलेला होता. सकाळी मोने कामास येण्यापूर्वी तो सपाट बुडाच्या होडीतून फिरून शेवाळ आणि सुकलेली पाने काढी, पानांवर बसलेली धूळ धुऊन टाकी. वेलींचे गोल पुंजके त्याला आवरून धरावे लागत, कारण पाने सर्वत्र पसरली तर आभाळाला पाण्यात जागा उरत नाही. शेजारच्या सडकेवरची धूळ असह्य झाली तेव्हा मोने याने पदरचे पैसे घालून सडकेवर डांबर घालविले. ‘नैसर्गिक’ म्हणून ज्या चित्रांची वाखाणणी होते, त्यांच्यामागे हा असा रोजचा खटाटोप होता.

१९०१ मध्ये आणखी जमीन घेऊन तळे सुमारे तिप्पट करण्यात आले. या वेळी ओहोळाचे पात्रही वळवावे लागले. परंतु आता ग्रामसभेने संमती दिली. तळ्यावर जपानी धर्तीचा कमानदार लाकडी पूल होताच. काठी विलो, बांबू आणि पुलावर पुढे विस्टेरियाचा वेल आला. १९०९ मध्ये पॅरिसला जे प्रदर्शन भरले, त्यात या एका तळ्याची ४८ चित्रे होती.

त्यानंतर मात्र दिवस फिरले. जानेवारी १९१० मध्ये सेन नदीला प्रचंड पूर आला आणि बाग पाण्याखाली गेली. १९११ मध्ये अॅलिस वारली. १९१२ मध्ये डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. १९१४ च्या फेब्रुवारीत वडील मुलगा झाँ गेला, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. धाकटा मिशेल आघाडीवर गेला. मोने जिव्हेर्नी सोडून गेला नाही. त्याने नवी मोठी चित्रशाळा बांधून घेतली आणि दोन-दोन मीटर उंचीच्या पडद्यांवर तळे रंगवीत राहिला. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, त्याने आपला मित्र, पंतप्रधान क्लेमांसो यास लिहून राष्ट्राला चित्रे देऊ केली. मंद झालेली दृष्टी, १९२३ ची शस्त्रक्रिया आणि पुन्हा पुन्हा बदललेले रंग यांत पुढली वर्षे गेली. ५ डिसेंबर १९२६ रोजी तो वारला. मे १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयातील दोन लंबवर्तुळाकार दालने त्या चित्रांसह लोकांना खुली झाली.

चित्रे राहिली; तळे राहिले नाही. झाँची विधवा ब्लांश हिने १९४७ मध्ये आपला अंत होईपर्यंत बाग सांभाळली. नंतर कोणी राहिले नाही. तळे गाळाने भरले, कस्तुरी-उंदरांनी काठ पोखरले, पूल कुजला. १९६६ मध्ये मिशेल मोटार-अपघातात मरण पावला आणि ही मालमत्ता फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे आली. व्हर्सायच्या राजवाड्याचे पुनरुज्जीवन केलेले जेराल्ड व्हान देर केंप यांनी १९७७ मध्ये जिव्हेर्नीचे काम हाती घेतले. तळे नव्याने खणले, काठांना पोलादी पत्रे ठोकले, पूल जुन्या बेताबरहुकूम पुन्हा बांधला. १९८० मध्ये बाग लोकांसाठी उघडली. आजही दरवाजे उघडण्यापूर्वी सकाळी एक माळी होडी घेऊन तळ्यात उतरतो आणि रात्रीत पडलेली पाने वेचून काढतो.