एकाच आईचे दोन चौक

गेल्या लग्नसराईत बोईसरजवळच्या आमच्या पाड्यावर चौक लिहिताना भांडण झालं. थोरल्या मावशीनं पालघट देवीच्या चौकटीला नक्षीच्या तीन ओळी घेतल्या. धाकटी म्हणाली, "दोनच असतात. आईनं मला दोनच शिकवल्या." चौक चुकला तर लग्नाला बाधा येईल, म्हणून नवरीची आई रडकुंडीला आली. आमच्या गटातही दोन तट पडले, ते जाऊ द्या.

मग आम्ही म्हाताऱ्या बायांना विचारत बसलो. वारली लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, धवलेरी गाणी म्हणते. गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मधे देवी, बाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. छापील नमुना कधीच नव्हता. मोठीच्या शेजारी उभं राहायचं, ती सांगेल तेवढी ओळ भरायची. माप आपल्याच विताचं. वीत लहान, तर नक्षी दाट.

खरी गोम एका आजीनं सांगितली. थोरली शिकली तेव्हा आई तरणी होती, घर कुडाचं, भिंत ऐसपैस. धाकटीच्या वेळी आईचा हात थरथरायचा, म्हणून तिनं एक ओळ सोडली. दोघी खरं बोलत होत्या. आईच बदलली होती!

चीनमध्येही असंच झालेलं आहे. तिथं ताई ची नावाचा संथ हालचालींचा व्यायाम आहे, मुळात ती लढाईची विद्या. यांग लुचान हा चेन घराण्याच्या गावात जाऊन ती शिकला, पण पुढे त्याच्या घराण्याची यांग शैली वेगळी झाली. त्याच्या नातवानं तर स्वतःच्या हालचाली वयाबरोबर बदलल्या. आधीचे शिष्य एक करतात, नंतरचे दुसरं. 1956 साली तिथल्या सरकारनं सगळ्यांसाठी 24 हालचालींचा एक सोपा क्रम ठरवला. त्यानं शिकणारे वाढले. जुन्या शैली मात्र आपापल्या घरी चालूच राहिल्या.

आपल्याकडे 1970 नंतर डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर नेलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरुष लिहू लागले, विकू लागले, बाजाराला एकसारखं हवं झालं. आता तारापूरच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या मुली भाड्याच्या खोलीत राहतात. भिंतीला शेण लावायला घरमालक देत नाही. मग छापील चौक चिकटवतात. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही, पण छापील चौकाशेजारी उभं राहून कुणी ओळ भरू शकत नाही, एवढं खटकतं.

त्या दिवशी शेवटी धवलेरीनं विचारलं, "नवरीला कुणी न्हाऊ घातलं?" थोरलीनं. मग तीन ओळी राहिल्या. धाकटीनं काडी उचलली आणि तिसरी ओळ तिनंच पुरी केली, तिच्या लहान वितीनं.