मडक्याला कुंभार असतो, जगाला?

अमळनेर म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांना एकच गोष्ट आठवते : १९४५ साली विप्रोची सुरुवात तिथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. पण त्याआधी, १९१६ साली, जळगाव जिल्ह्यातल्या या गावात याहून अचाट उद्योग निघाला होता. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी चक्क तत्त्वज्ञान मंदिर काढलं! शांकर वेदान्त पाश्चात्त्य विचारांशी ताडून बघायचा, आणि त्यासाठी अभ्यासकांना शिष्यवृत्ती द्यायची. मलकानी, टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास, १९३०च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य... एवढी मोठी माणसं या गिरणीगावात येऊन राहिली.

आता गंमत बघा. संस्था वेदान्ताची, म्हणजे देव सिद्ध करणारी असणार असं आपण धरून चालतो. पण देव सिद्ध करायचा खरा खटाटोप केला नैयायिकांनी. साधारण हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहिली. मडकं आहे म्हणजे कुंभार आहे. जगही घडलेली वस्तू आहे, म्हणून त्याचाही कर्ता हवा. (पेलीचं घड्याळ आलं ते पार १८०२मध्ये.) मीमांसकांना हे मुळीच मान्य नाही. जग कधी घडलं हेच आधी दाखवा म्हणतात!

आणि शंकराचार्य? देव मानणारे, पण निव्वळ अनुमानानं तो सिद्ध होतो हे त्यांना नामंजूर. ब्रह्मसूत्रभाष्यात ते विचारतात, देव कुणाला सुखी, कुणाला दुःखी करत असेल तर तो आपल्यासारखाच पक्षपाती नाही का? ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो म्हणावं, तर देव कर्मावर अवलंबून आणि कर्म देवावर. संस्कृतात याला इतरेतराश्रय म्हणतात. आपल्या भाषेत सर्क्युलर डिपेन्डन्सी! स्वतःच्या मतावर हाच आक्षेप आला तेव्हा मात्र 'संसार अनादि आहे' असं उत्तर त्यांनी दिलं. माझ्या मते त्यानं बग सुटत नाही, फक्त मागे ढकलला जातो. असो.

याच मंदिरात साने गुरुजी तत्त्वज्ञान शिकायला आले होते. पण १९२४ साली ते गावातल्या शाळेत मास्तर झाले. देवाशी मात्र त्यांचं भांडण नव्हतं : १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरवून घ्यायचे. पुढे मे १९४७मध्ये ते पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठल आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. तो आहे, तर अस्पृश्य ठरवलेल्या माणसानं त्याला बाहेरूनच का नमस्कार करायचा? इथला पक्षपात देवाचा नव्हता, दार अडवणाऱ्यांचा होता. आणि तो काढायला ना अनुमान लागलं ना भाष्य. लागला दहा-अकरा दिवसांचा उपास. त्यानंतर मंदिर सगळ्यांना खुलं झालं.