मिसलींचें राज्य कसें झालें: नाणीं, तहनामे व अखबार यांचा पुरावा

शिखांच्या बारा मिसली मोडून रणजितसिंगानें त्यांचें एक राज्य केलें, ही गोष्ट आपल्याकडील बहुतेक ग्रंथांत एका वाक्यांत आटोपलेली असते. त्यावरून वाचणाराची अशी समजूत होते कीं, एका शूर सरदारानें बाकीच्यांस लढाईंत जिंकलें आणि प्रकरण संपलें. आमच्या मतें ही समजूत अपुरी आहे. त्या काळचीं नाणीं, तहनामे व दरबारचे अखबार हीं तीन अस्सल साधनें एकमेकांशेजारीं ठेविलीं असतां निराळेंच चित्र दिसतें. मिसली रणांगणावर फार थोड्या पडल्या. बहुतेक वारशाच्या वेळीं बुडाल्या. आणि त्या बुडत असतां सत्तेचें नांव मात्र बदललें नाहीं. मराठेशाहीचा क्रम एका राज्याकडून अनेक सरदारांच्या संघाकडे गेला. शिखांचा क्रम याच्या उलट, संघाकडून एका राज्याकडे गेला. म्हणून या प्रकरणाचा विचार आपणांस विशेष उपयोगी आहे.

प्रथम ‘मिसल’ या शब्दाविषयीं. दप्तरें चाळणारांस हा शब्द परका नाहीं. लावून ठेविलेल्या कागदांस व दरबारांतील सरदारांच्या क्रमासही आपल्याकडे मिसल म्हणत. शिखांच्या संबंधांत त्याच्या दोन व्युत्पत्ति सांगतात. एका मतें मूळ अरबी अर्थ ‘समान’ हा घ्यावा, कारण एका मिसलींतील स्वार परस्परांस समान मानीत. दुसऱ्या मतें अमृतसरास अकाल तख्तापाशीं प्रत्येक सरदाराच्या मिळकतीची नोंद निराळ्या जुडग्यांत ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें. दोहोंतील खरी कोणतीही असो. समानता आणि सामायिक नोंद या दोन्ही गोष्टी मिसलींच्या मूळ स्वरूपांत होत्या, यांत शंका नाहीं.

गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं नांदेड येथें निवर्तले. तेथूनच निघालेल्या बंदाबहादुरानें १७१० सालीं सरहिंद घेतलें. १७१६ सालीं दिल्लीस त्याचा वध झाला. त्यानंतर सुमारें तीस वर्षें शिखांच्या टोळ्या जंगलांत व डोंगरांत राहून मोंगल सुभेदारांशीं झगडत होत्या. १७४८ च्या वैशाखींत अमृतसरास या टोळ्या ‘दल खालसा’ या नांवानें एकत्र झाल्या व जस्सासिंग अहलुवालिया याजकडे मुख्य सेनापतित्व आलें. दलांतील प्रमुख मिसली अकरा: अहलुवालिया, भंगी, रामगढिया, कन्हैया, सुकरचकिया, नकई, फैजुल्लापुरिया, डल्लेवालिया, निशाणवाला, करोडसिंगी व शहीद. सतलजेपलीकडील फुलकियांचें घराणें बारावें गणतात. परंतु तें दलांत नव्हतें, हें पुढील हकीकतीच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

या संघाचा प्राण वर्षांतून दोनदां, वैशाखी व दिवाळी या दिवशीं, अमृतसरास भरणाऱ्या सभेंत होता. तिला ‘सरबत खालसा’ म्हणत. तेथें ठरलेली गोष्ट ‘गुरुमता’, म्हणजे गुरूचाच निर्णय, म्हणून सर्वांस बंधनकारक होई. पैशाचा आधार ‘राखी’ या पद्धतीचा होता. गांवानें प्रत्येक सुगीस उत्पन्नाचा सामान्यतः पंचमांश द्यावा व मिसलीनें त्या गांवाचें दुसऱ्या कोणाहि लुटारूपासून रक्षण करावें, असा हा करार असे. आपल्या चौथाईशीं तिचें साम्य उघड आहे. फरक इतकाच कीं, चौथाईचा हक्क बादशाही सनदेनें मान्य करून घेण्याची खटपट मराठ्यांनीं केली. शिखांनीं तशी सनद मागितली नाहीं.

१७५८ च्या एप्रिलांत रघुनाथरावांचें सैन्य लाहोरास पोंचलें, तेव्हां अदीनाबेगाबरोबर शिखांचींहि पथकें होतीं. परंतु अदीनाबेग त्याच वर्षीं वारला. पुढें पानिपत होऊन मराठ्यांचा पंजाबांतील अंमल संपला, आणि अबदालीशीं झुंजण्याचें काम एकट्या शिखांवर पडलें. १७६२ च्या फेब्रुवारींत कूप येथें अबदालीनें त्यांची भयंकर कत्तल केली व पुढें अमृतसरचें मंदिर सुरुंगानें उडविलें. तथापि दोन वर्षांचे आंत शिखांनीं सरहिंद घेतलें, आणि १७६५ सालीं लहनासिंग व गुज्जरसिंग भंगी आणि सोभासिंग कन्हैया या तिघांनीं मिळून लाहोर घेतलें व शहर आपसांत वांटून घेतलें.

येथें नाण्यांचा पुरावा बोलूं लागतो. लाहोर तिघांचें होतें. तेथें पाडलेल्या रुपयावर मात्र तिघांपैकीं एकाचेंहि नांव नाहीं. त्यावरील फारसी लेखांत नानक व गोविंदसिंग यांचीं नांवें असून साल विक्रम संवताचें आहे. त्याच काळीं मराठ्यांच्या बहुतेक टांकसाळी दिल्लीच्या बादशहाच्या नांवें रुपये पाडीत होत्या, हें ध्यानांत आणिलें म्हणजे या लेखाचें महत्त्व कळतें. मिसलींनीं बादशहाचें स्वामित्व मानलें नाहीं, तसें आपल्यांपैकीं एकाचेंहि मानलें नाहीं. सत्ता गुरूंची व ती सर्व पंथास सामायिक, हा त्या रुपयाचा अर्थ होय.

परचक्र ओसरतांच ही सामायिकता विरूं लागली. सरदार एकमेकांवर चालून जाऊं लागले. १७८५ सालीं सुकरचकिया महासिंग व जस्सासिंग रामगढिया यांनीं मिळून कन्हैयांवर स्वारी केली. तींत कन्हैयांचा वारस गुरुबक्षसिंग पडला. त्याच गुरुबक्षसिंगाची कन्या महताबकौर ही महासिंगाच्या मुलास, म्हणजे रणजितसिंगास दिली गेली. वैर लग्नानें मिटविण्याची ही रीत रणजितसिंगानें पुढें राज्यसाधनाची रीत केली. सासू सदाकौर हिच्या कन्हैया फौजेच्या मदतीनें त्यानें १७९९ च्या जुलईंत लाहोर घेतलें, तेव्हां त्याचें वय अठरा वर्षांचें होतें. १८०१ च्या वैशाखींत त्यानें महाराज ही पदवी धारण केली. पुढल्या वर्षीं फत्तेसिंग अहलुवालियाशीं पगडीबदल करून त्यास भाऊ मानिलें. नकईंच्या घरांतहि त्यानें लग्न केलें होतें. अशा रीतीनें एक मिसल सासूची, एक पत्नीच्या माहेरची व एक मानलेल्या भावाची झाली.

१८०५ च्या अखेरीस यशवंतराव होळकर लेकच्या सैन्यापुढें माघार घेत अमृतसरास आले व त्यांनीं शिखांची मदत मागितली. त्या प्रसंगीं सरबत खालसाची सभा बोलाविली गेली. लेकच्या लष्कराबरोबर असलेल्या माल्कमनें शिखांवरील आपल्या ग्रंथांत या सभेची नोंद केली आहे: थोडेच सरदार आले, न आलेले बलिष्ठ सरदार तिचा ठराव मानण्यास तयार नव्हते. यानंतर राज्यकारभारांत गुरुमत्याचें नांव ऐकूं येत नाहीं. होळकरांस मदत मिळाली नाहीं व व्यासेच्या कांठीं त्यांचा इंग्रजांशीं तह झाला.

पाठोपाठ १८०६ च्या १ जानेवारीस इंग्रजांनीं शिखांशीं तह केला. तो तहनामा काळजीपूर्वक पाहण्यासारखा आहे. त्यांत नांवें दोन आहेत: सरदार रणजितसिंग आणि सरदार फत्तेसिंग. महाराज पदवी घेऊन पांच वर्षें होत आलीं होतीं, तरी परराज्याशीं बोलतांना तो दोघांपैकीं एक सरदारच होता. याउलट १८०९ च्या २५ एप्रिलचा अमृतसरचा तह पाहावा. त्यांत लाहोरचा राजा एकटाच आहे. पगडीबंधूचें नांव गेलें. मिसलींचा संघ संपून राज्य केव्हां झालें असें कोणी विचारल्यास आम्ही १७९९ किंवा १८०१ न सांगतां या दोन तहनाम्यांमधील सवातीन वर्षांकडे बोट दाखवूं. याच तहानें सतलजेच्या दक्षिणेकडील फुलकिया इंग्रजांच्या छत्राखालीं गेले व एकीकरणाची सीमाहि ठरून गेली.

एकेक मिसल कशी गेली, हें आतां थोडक्यांत सांगूं. डल्लेवालियांचा वृद्ध सरदार तारासिंग घेबा १८०७ सालीं वारतांच त्याचा मुलूख जप्त झाला. जोधसिंग रामगढिया मेल्यावर वारसांत तंटा झाला. तेंच निमित्त करून त्यांचीं ठाणीं घेण्यांत आलीं व घराण्यास जहागीर दिली. नकई सोयऱ्यांसहि जहागिरीवर संतोष मानावा लागला. आणि जिच्या फौजेनें लाहोर घेतलें त्या सदाकौरीस १८२१ सालीं कैद करून कन्हैयांचा मुलूख राज्यांत सामील केला. भीतीनें १८२५ सालीं फत्तेसिंगहि सतलजेपार पळाला. दोन वर्षांनीं त्याची समजूत घालून त्यास परत आणिलें. सर्वांस एकच न्याय लागू झाला: समानाचा जहागीरदार झाला, आणि जहागीर ही दिलेली वस्तु असल्यानें घेतां येऊं लागली.

या स्थित्यंतराचा रोजचा साक्षीदार आपल्या पुण्यांतच निघाला, ही समाधानाची गोष्ट होय. लाहोर दरबारचे १८१० ते १८१७ या काळांतील फारसी अखबार पुण्याच्या सरकारी दप्तरखान्यांत सांपडले. गॅरेट व चोप्रा यांनीं त्यांचें इंग्रजी भाषांतर १९३५ सालीं लाहोरास प्रसिद्ध केलें. कोण भेटीस आला, कोणाचा नजराणा पोंचला, कोणास खिलत मिळाली, कोणावर पथक रवाना झालें, अशा रोजच्या बारीक नोंदींतून सरदारांचे वंशज दरबारचे नोकर कसे होत गेले हें पाहावयास मिळतें. लढाईची बखर जें सांगत नाहीं, तें असल्या रुक्ष यादींत सांपडतें.

इतकें झालें तरी रुपया बदलला नाहीं. मुलतान १८१८ सालीं, काश्मीर १८१९ सालीं आलें. आलार्ड व व्हेंटुरा यांनीं पलटणी कवाइती केल्या. पण चलनी रुपयावर गुरूंचींच नांवें राहिलीं. सरकारास ‘सरकार-इ-खालसा’ म्हणत, व महाराजाच्या शिक्क्यांत नांवाआधीं ‘अकाल सहाय’ हे शब्द असत. यास कोणी भक्ति म्हणतात, कोणी धूर्तपणा. आमच्या मतें या दोन्ही शब्दांनीं उलगडा होत नाहीं. सरदारांनीं रणजितसिंगापुढें मान लवविली ती बव्हंशीं या नांवामुळें. कारण रुपया पाहतां त्यांनीं आपल्या बरोबरीच्या मनुष्याची नव्हे, तर गुरूची सत्ता मानिली होती.

परंतु नांव राहिलें आणि सभा गेली, यांतच पुढील अनर्थाचें बीज होतें. १८३९ सालीं महाराज वारल्यावर गादीचा वाद सोडविणारी मान्य संस्था उरली नव्हती. १८४१ नंतर ती जागा लष्करांतील पंचांनीं बळकाविली. पंथाच्या नांवानें तेच हुकूम सोडूं लागले व कारभाऱ्यांस भय घालूं लागले. मारलेली सरबत खालसा छावणींत अशा विकृत रूपानें पुनः उभी राहिली. दोन युद्धें झालीं आणि १८४९ च्या मार्चांत राज्य खालसा झालें. ‘खालसा’ या एकाच शब्दाचे हे दोन अर्थ इतक्या जवळ आलेले पाहून मन विषण्ण होतें.

ज्या संग्राहकांपाशीं उत्तरेकडील फारसी अखबार किंवा नानकशाही रुपये असतील, त्यांनीं ते केवळ जिन्नस म्हणून न ठेवितां त्यांवरील साल, टांकसाळ व शिक्का यांची नोंद करावी, इतकीच आमची विनंती आहे. राज्यें कशीं जोडलीं गेलीं याचा निवाडा अखेर अशाच लहान साधनांवर होत असतो.